घरचंच तर आहे!

महागाईबद्दल मराठी माणूस दिवसभरात जेवढी वाक्यं बोलतो, त्यांत सर्वांत लबाड वाक्य फक्त तीन शब्दांचं आहे. "घरचंच तर आहे!"

वरवर पाहता वाक्य मोठं मायाळू दिसतं. त्यात घर आहे, आपुलकीचा 'च' आहे, शेवटी उद्‌गारचिन्हसुद्धा आहे. पण मी पडलो बँकेतला कारकून. वीस-बावीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवण्यात गेल्यामुळे वरवरच्या दिसण्यावर विश्वास ठेवायची माझी सवय कधीच मोडली आहे. हे वाक्य उच्चारलं कधी जातं ते बघा. खाताना कोणी म्हणत नाही. खाताना म्हणतात, "वा वहिनी, अगदी फाइव्ह स्टार हॉटेलसारखा झालाय हो!" पैसे काढायची वेळ आली की तोच केक हॉटेलातून निघतो आणि थेट घरी येतो. एकाच मालाची नोंद अशी दोन वह्यांत दोन प्रकारांनी केली, तर आमच्याकडे माणसाला चौकशीला उभं करतात. सोसायटीत त्याला व्यवहारज्ञान म्हणतात.

प्रस्तुत माल म्हणजे चीजकेक. मसालेदार बिस्किटांचा, भट्टीत भाजलेला चीजकेक. आमच्या डोंबिवलीच्या घरात ओव्हन सौ.चा आणि वही माझी, अशी कामाची वाटणी आहे. ती गेली काही वर्षं ऑर्डरीप्रमाणे केक करून देते. मी दर रविवारी सकाळी जमाखर्च मांडतो. तेव्हा पुढे जे काही लिहिणार आहे ते पाककृती म्हणून वाचू नये. हे व्हाउचर आहे आणि ते मी पुराव्यासकट जोडतो आहे.

आधी बिस्किटाचं, कारण गिऱ्हाइकाची पहिली चढाई तिथेच होते. "एवढी महागाची बिस्किटं कशाला? साधं ग्लुकोजचं घाला की! कोणाला कळतंय?" कळतं. हे बिस्किट मुळात बेल्जियमचं. तिथे त्याला स्पेक्युलोस म्हणतात. शेजारी हॉलंडात त्याचा थोरला भाऊ राहतो, त्याचं नाव स्पेक्युलास. हा थोरला ५ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाला, कोरीव लाकडी साच्यांतून काढतात आणि त्याच्या पिठात दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी असा मिसळणाचा अख्खा डबा उपडा करतात. धाकटा बेल्जियन स्वभावाने शांत. दालचिनी आणि कॅरमेलची जरा जळकट गोडी एवढ्यावर तो संसार करतो. लेंबेके नावाच्या गावात १९३२ साली निघालेल्या लोटस बेकरीने त्याला जगभर नेलं, आणि 'बिस्किट' अधिक 'कॉफी' असा संधी करून 'बिस्कॉफ' हे नाव दिलं. पाणिनीला हा संधी मान्य झाला नसता, पण आमच्या सोसायटीतल्या सर्व मुलांना मान्य आहे.

यातला एकही मसाला हॉलंड-बेल्जियमच्या मातीत उगवत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ते तिकडे पोचवले १६०२ साली निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने. जायफळासाठी तिने १६२१ मध्ये बांदा बेटांवरच्या माणसांचं जे केलं, ते वाचल्यावर जायफळ किसणारा हात क्षणभर थांबतो. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला होती. पडक्या भिंती आजही बघायला मिळतात. मी त्या बघून आलो आहे, आणि तिथल्या हिशेबनिसाबद्दल मला व्यावसायिक बंधुभाव वाटला. ही मंडळी माणूस म्हणून कशी होती ते इतिहासाने लिहून ठेवलंच आहे, पण लवंगेच्या बोंडाचाही हिशेब ती सोडत नसत. वखारीच्या दारात उभं राहून "घरचीच तर लवंग आहे, दोन पैसे कमी करा" म्हणायची कोणाची छाती झाली असेल असं मला वाटत नाही. ती छाती आमच्या बी विंगमध्ये आहे.

बी विंगमधले एक काका वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हे बिस्किट भारतातच तयार करून विकण्याचा करार २०२४ च्या जून महिन्यात जाहीर झाला, ही बातमी त्यांनी वाचली आणि कात्रण घेऊन ते आमच्याकडे आले. "आता इथेच होणार म्हणे. म्हणजे केक निम्म्या किमतीत द्यायला हरकत नाही!" अशी गणितं मी काउंटरवरसुद्धा ऐकली आहेत. पण त्यांना उत्तर द्यायचं तर अख्खी कृती सांगावी लागते.

तर ऐका. आठ इंची साचा. साधा नव्हे, खिटी उघडली की कड सुटून बाजूला होते असा. (चीजकेक उलटा करून काढता येत नाही. उलटा केला तर त्याला वेगळं नाव द्यावं लागतं.) २५० ग्रॅम बिस्किटांचा भुगा करायचा, त्यात १०० ग्रॅम लोणी वितळवून कालवायचं आणि वाटीच्या बुडाने साच्याच्या तळाशी थापून बसवायचा. हा झाला पाया. वरच्या इमारतीसाठी ६०० ग्रॅम क्रीम चीज. ते दीड तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवावं लागतं. गार चीज घोटलं की गुठळ्या राहतात, आणि एकदा राहिलेली गुठळी तुम्ही जन्मभर घोटलंत तरी जात नाही. मग साखर १५० ग्रॅम. मग याच बिस्किटांचं बरणीतून मिळणारं मऊ लोणी, तेही १५० ग्रॅम. मग क्रीम, चमचाभर मैदा आणि सर्वांत शेवटी तीन अंडी, एकेक करून.

अंडी पडली की फेटायचं नाही, नुसतं मिसळायचं. इथे नवशिकी माणसं जोर लावतात. जास्त फेटलं की हवा शिरते, हवेने केक भट्टीत टरारून फुगतो आणि बाहेर आल्यावर निवडणुकीनंतरच्या आश्वासनासारखा खाली बसतो. मग साच्याला बाहेरून फॉइलचा लंगोट कसायचा, कारण तो पाण्यात बसणार असतो. मोठ्या ट्रेमध्ये गरम पाणी, पाण्यात साचा, आणि ही सगळी मिरवणूक हात न हलवता ओव्हनमध्ये. पाणी कशासाठी, तर ओव्हन १६० अंशांवर असला तरी पाणी काही शंभराच्या वर चढत नाही. त्यामुळे केकच्या कडांना आच सौम्य लागते. अंडी हा मोठा तापट घटक आहे. प्रमाणात तापलं की छान धरून ठेवतं, जास्त तापलं की आवळतं, पाणी सोडतं आणि केकच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडते.

साधारण तासाभराने खरी परीक्षा येते. कडा घट्ट झालेल्या हव्यात आणि मध्य मात्र हलवल्यावर जेलीसारखा डुगडुगायला हवा. हा डुगडुगाट पुस्तकात लिहिता येत नाही. सौ. काचेतून बघते, ट्रे एका बोटाने ढकलते आणि सांगते, "अजून चार मिनिटं." मी घड्याळ लावून पाहिलं आहे, चारच लागतात. मग ओव्हन बंद, दार बोटभर उघडं आणि केक तासभर आतच, एकदम गार हवा लागू नये म्हणून. आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा एवढं जपत नाहीत. त्यानंतर बाहेर, त्यानंतर फ्रिजमध्ये रात्रभर. तेवढी रात्र आमच्या घरात फ्रिजचं दार उघडायला परवानगी लागते.

आता व्हाउचर. क्रीम चीज ३९० रुपये. बिस्किटं २२०. बरणीतलं लोणी, लागलं तेवढ्याचे, २१०. साधं लोणी ६०. क्रीम ७०. अंडी २४. साखर-मैदा १०. वीज २०. खोका आणि खालचा पुठ्ठा ६०. बेरीज १,०६४. दोनदा केली आहे, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. सौ. या केकचे अठराशे घेते.

बी विंगच्या काकांना उत्तर इथे मिळतं. समजा बिस्किटं उद्यापासून निम्म्या किमतीला मिळू लागली. वाचले किती? एकशे दहा. काकांना हवेत नऊशे. उरलेले सातशे नव्वद कोणी द्यायचे, हे त्या कात्रणात कुठेच छापलेलं नव्हतं.

बरेच जण मात्र निम्म्यावर येत नाहीत, अकराशेवर येतात. "सामानाचे पैसे सुटले की झालं ना वहिनी? घरचंच तर आहे!" अकराशेत सामान सुटून उरतात छत्तीस रुपये. सामान आणणं, करणं, ओव्हनपाशी उभं राहणं, भांडी घासणं (क्रीम चीज माखलेलं भांडं ज्याने घासलंय त्यालाच ते कळतं) आणि "नाव मराठीत लिहायचं की इंग्रजीत" या विषयावरचे चौदा निरोप, हे सगळं धरून मी चार तास मांडतो. छत्तीस भागिले चार. तासाला नऊ रुपये. आमच्या वाहनतळावर उभी राहणारी स्कूटर तासाला याहून जास्त मिळवते, आणि ती नुसती उभी असते.

शिवाय यात साच्याचा घसारा धरलेला नाही. ओव्हनचा धरलेला नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरच्या ओट्यावरून विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते, ती खटपट धरलेली नाही. कायद्याच्या लेखी हा धंदा आहे. शेजाऱ्यांच्या लेखी तो हळदीकुंकवाचा विस्तारित कार्यक्रम आहे.

आकडे दाखवले की दुसरी फळी पुढे येते. "पण त्यांना आवड आहे ना!" हे मला सर्वांत जास्त झोंबतं. मला बेरजा करायची आवड आहे. खरोखर आहे. शाखेचा दिवसाचा मेळ पहिल्या फटक्यात लागला की मी शीळ वाजवतो. पण म्हणून पहिल्या तारखेला साहेबांनी मला कधी सांगितलं नाही की, "तुम्हाला आवड आहे ना, मग पगार कशाला?" डॉक्टरला ऑपरेशनची आवड असते, वकिलाला भांडायची असते, आणि दोघेही त्या आवडीचे वेगळे पैसे लावतात. आवडीची वजावट कापायची ती फक्त ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या बिलातून, हा नियम मी बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

तिसरे म्हणतात, पलीकडचा बेकरीवाला हाच केक आठशेला देतो. हाच नाही. तो जो देतो तो भट्टीचं तोंड न बघितलेला, फेटलेल्या वनस्पती क्रीममध्ये थोडं चीज आणि जिलेटिन घालून गारठवलेला पदार्थ असतो. न भाजता गोठवलेल्या चीजकेकबद्दल माझी तक्रार नाही, तोही एक रीतसर प्रकार आहे आणि उन्हाळ्यात बरा लागतो. पण थिजवलेल्याला भाजलेल्याच्या किमतीशी ताडून पाहणं म्हणजे मुदत ठेवीचं व्याज बचत खात्यावर मागणं. एक रात्र, एक भट्टी आणि तीन अंड्यांचा तापट स्वभाव मधून वगळला की किंमत कमी होणारच. तिथे कोणी घासाघीसही करत नाही, हे विशेष. दुकानाला शटर असतं आणि शटरपुढे माणूस नम्र होतो. मॉलमधल्या कॉफीगृहात याच केकची एक पाचर साडेतीनशेला मिळते. आमच्या आठ इंची केकच्या दहा पाचरी होतात. तिकडे साडेतीन हजार मुकाट्याने मोजणारा गृहस्थ संध्याकाळी आमच्या दारात अठराशेवर उसासा टाकतो, आणि उसासा टाकताना चपलाही काढत नाही.

"ही परदेशी थेरं हवीत कशाला" म्हणणाऱ्या आजोबांशी मी भांडत नाही. त्यांना एवढंच सांगतो की, रोमच्या केटो नावाच्या एका खडूस गृहस्थाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात चीज घातलेल्या केकची मापं आहेत. आणि ओडिशात ताजं छेना साखर घालून भाजतात, त्याला छेना पोडा म्हणतात. आजोबा दोन्ही ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे भाजलेलं श्रीखंडच की!" बरं, श्रीखंड. श्रीखंडाचे तरी पुरे पैसे द्या.

आता जरा कॉलेजातलं. पिगू नावाचे एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात एक गंमत नोंदवली आहे. एखाद्या माणसाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं, की राष्ट्रीय उत्पन्न घटतं. स्वयंपाक तोच, आमटी तीच, करणारीही तीच. पण काल तिला पगार होता म्हणून तो देशाच्या वहीत होता, आज अक्षता पडल्या म्हणून वहीतून उडाला. आमच्या वर्गात या जागी सगळी मुलं हसली होती. मुली हसल्या नव्हत्या. त्या वयात मला वाटलं, त्यांना अर्थशास्त्र कळत नाही.

२०२४ मध्ये सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. ही ८८ मिनिटं वाचून आमच्या कार्यालयातले सगळे सहकारी एकमेकांकडे संशयाने बघू लागले, की आपल्यातला नक्की कोण एवढी भरतोय! ते असो. चीजकेकचे चार तास म्हणजे २४० मिनिटं, ती या २८९ च्या डोक्यावर असतात. खाली भाजी-पोळी आहेच. खातं उघडायच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात अशा बाईपुढे 'गृहिणी' लिहिलेलं मी रोज पाहतो, आणि त्याच खात्यात महिन्याला नऊ-दहा हजार जमा होत असतात. एकदा मी एका ताईंना म्हटलं, "इथे 'व्यवसाय' लिहा, चालेल." त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "नको भाऊ, घरचंच तर आहे." म्हणजे हे वाक्य देणाऱ्यांनी घेणाऱ्यांनाही शिकवून ठेवलंय! ऐन गर्दीच्या वेळी मी त्यांचा अर्ज पाच मिनिटं हातात धरून बसलो होतो. रांगेतल्या लोकांनी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यावर तोड निघाली नाही असं नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तो लिज्जत पापड. आजही त्या संस्थेच्या भगिनी पीठ घरी नेतात आणि पापड घरीच लाटतात. म्हणजे घरचंच आहे, तंतोतंत घरचं! पण लाटणावळ ठरलेली असते, पाकिटावर किंमत छापलेली असते, आणि वाण्याच्या दुकानात ते पाकीट उचलून "अहो, घरचाच तर पापड आहे" असं म्हणणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही.

तेव्हा मी छापून घेतलं. आमच्या दाराच्या आत, बेलच्या वर, आता दरपत्रक आहे. आठ इंची, भाजलेला, १,८००. निम्मे आगाऊ. खाली बारीक अक्षरात चार तासांचा हिशेबही टाकावा अशी माझी इच्छा होती, पण सौ. म्हणाली, हॉटेलवाले कुठे लावतात हिशेब, किंमतच लावतात ना? तो भाग काढला. पहिल्या आठवड्यात दोन ऑर्डरी गेल्या, बी विंगमध्ये थोडी कुजबुज झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात काकांनी नातीच्या वाढदिवसासाठी एक केक सांगितला. नऊशे आगाऊ दिले. पाकिटात घालून दिले, वर 'सप्रेम भेट' लिहिलेलं होतं. सौ.ने ते पाकीट रिकामं करून परत दिलं आणि पावती फाडली.

राहता राहिला भेगाळलेल्या केकचा प्रश्न. विसात एखाद्याला भेग पडते, तो गिऱ्हाइकाला जात नाही, घरातच संपतो. धंद्यातला माल मालकाच्या घरी खाल्ला गेला तर त्याला हिशेबात 'उचल' म्हणतात. माझ्या उचल खात्यावर यंदा अडीच केक निघाले आहेत. भेगाळलेला माल म्हणून त्यांना काही सूट मिळेल का, असं मी रविवारी वही पुढे करून विचारलं. ती पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "दरपत्रक दारावर आहे. चार हजार पाचशे. खाताना भेग दिसली होती का?"